गेमचं विचारा: कॉम्प्युटर चीटिंग करतो का?

गेल्या अंकात अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेम्सवर लिहिलं होतं, म्हणजे एक ग्रह घेऊन सुरुवात करायची, आजूबाजूचे तारे धुंडाळायचे, वसाहती टाकायच्या, शेजाऱ्याशी कधी तह कधी मारामारी, असले गेम, आणि प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पाठवलेत की! सातारा, सांगली, मिरज, कराड, तासगाव, सगळीकडून. रोख बहुतेकांचा एकच, समोरून जो कॉम्प्युटर खेळतो तो एआय नक्की कसल्या डोक्यानं खेळतो आणि त्याला गाठायचा कसा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले कापलेत. एकानं फुकट डाउनलोडची लिंक मागितलीय, ती काही मिळायची नाही भावा.

प्रश्न: मी स्टेलारिस खेळतो. ग्रँड ॲडमिरल लेव्हल लावली की शेजारचा एआय माझ्या दुप्पट फ्लीट (आरमार) घेऊन दारात उभा. त्याचे ग्रह माझ्यापेक्षा कमी असतात तरी. हा चीटिंग करतो ना?
*इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली*

करतो. पण तुला सांगून करतो. डिफिकल्टी निवडताना त्या लेव्हलवर माउस नेऊन खालची बारीक अक्षरं वाच, सगळं लिहिलेलं असतं. एन्साइन नावाची जी लेव्हल आहे तिथं कुणालाच काही फुकट मिळत नाही, तू आणि एआय सारखेच. त्याच्या वर कॅप्टन, कमोडोर, ॲडमिरल, ग्रँड ॲडमिरल असं जात गेलं की एआयच्या उत्पादनाला बोनस वाढत जातो, आणि एन्साइनच्या खाली आलास तर उलटा बोनस तुलाच मिळतो. थोडक्यात लेव्हल वाढवली म्हणून त्याची अक्कल वाढत नाही, पगार वाढतो. त्यामुळं कमी ग्रहांवर दुप्पट फ्लीट पोसणं त्याला परवडतं.

आता कंपनीवाले अक्कलच का वाढवत नाहीत, तर ती महाग पडते. मोठ्या गॅलेक्सीत हजारभर तारे, डझनभर तरी साम्राज्यं, आणि त्या सगळ्यांचा विचार तुझ्याच लॅपटॉपच्या प्रोसेसरवर, तुझा गेम चालू असताना, वेळ न दवडता व्हायला पाहिजे. त्यात स्टेलारिससारखा गेम 2016 ला आला आणि अजून बदलतोच आहे. डिसेंबर 2018 च्या 2.2 अपडेटमध्ये ग्रहावरची चौकोनांची जुनी पद्धत काढून जिल्हे आणि नोकऱ्या आणल्या, माणसं आठवड्याभरात शिकली पण एआयला ते बरेच दिवस झेपेना, कारखाना पाहिजे तिथं भलतंच बांधून बसायचा, मग खेळणाऱ्यांनीच वैतागून स्वतःचे एआय मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारे फुकटचे जोड, काढले, ग्लेव्हियस म्हणा स्टारनेट म्हणा. स्टारनेट लावून बघ कधी, बोनस कमी ठेवूनसुद्धा घाम फोडतो.

तुझ्या अडचणीवर उपाय सांगतो. एआय युद्ध पुकारण्याआधी तुझी ताकद आणि त्याची ताकद ताडून बघतो, आणि बघतो म्हणजे आकडा बघतो. डिप्लोमसीच्या स्क्रीनवर तुलनेचं जे लेबल दिसतं ना, तुझं आरमार त्याच्यापुढं कमजोर का बरोबरीचं, ते बरोबरीच्या खाली घसरू देऊ नकोस. सुरुवातीच्या वर्षांत नवी पोरं सगळे अलॉय, म्हणजे जहाजं बांधायचा धातू, वसाहतींवर आणि चौक्यांवर घालतात, फ्लीट नंतर बघू म्हणतात, आणि नेमका तेव्हाच शेजारी येतो. त्या फ्लीटनं लढायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. दुसरं, हायपरलेनचा, म्हणजे ताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटांचा, नकाशा उघडून शेजाऱ्याकडून येणारी वाट कुठं अरुंद होते ते शोध, एकाच ताऱ्यातून सगळा रस्ता जात असेल तर पहिला मोठा स्टारबेस, म्हणजे तोफा असलेला अंतराळातला तळ, तिथंच. फेब्रुवारी 2018 च्या 2.0 नंतर सगळ्यांना हायपरलेननंच जावं लागतं, त्यामुळं ही नाकेबंदी चालते, त्याआधी चालायची नाही. तिसरं, त्याचं जहाज क्लिक करून बघ, शील्ड (ऊर्जेचं कवच) जास्त आहे की आर्मर (चिलखत). शील्ड असेल तर कायनेटिक, म्हणजे गोळे फेकणाऱ्या, तोफा, आर्मर असेल तर लेझर-प्लाझ्मा. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, तरी दहातले नऊ जण ऑटो-डिझाइनवर सोडून देतात आणि मग चीटिंग चीटिंग म्हणून ओरडतात.

आणि तरीही नाही जमलं तर सेटिंगमध्ये डिफिकल्टी स्केलिंग आहे, ते चालू केलं की एआयचा बोनस पहिल्या दिवसापासून पूर्ण न मिळता हळूहळू चढतो. त्यात कमीपणा कसला.

प्रश्न: माझी 10 जहाजं, त्याची 10, टेक्नॉलॉजी सारखी. कधी मी पार धुऊन निघतो, कधी माझी सात-सात जहाजं शिल्लक राहतात. हे नशिबावर असतं का?
*मिरजेहून एक वाचक*

नशीब थोडं असतं, पण एवढा फरक नशिबानं नाही पडत. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण याच्यामागं गणित आहे आणि ते गेमपेक्षा जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर म्हणून एक इंग्रज इंजिनिअर होता, मोटारी बनवायचा, त्यानं पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 मध्ये, विमानांच्या लढाईवर लिहिताना हे मांडलं. जिथं प्रत्येकजण समोरच्या कुणावरही नेम धरू शकतो तिथं ताकद संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

कागद घे. तुझी 10, त्याची 8, बाकी सगळं सारखं. आपल्याला वाटतं शेवटी माझी 2 उरतील. पण 10 चा वर्ग 100, 8 चा 64, वजा केले 36, त्याचं वर्गमूळ 6. सहा जहाजं उरतात. दोनच जहाजं जास्त होती आणि निम्म्याहून जास्त फ्लीट घरी आली. कारण सुरुवातीलाच तुझ्या जादा दोन जहाजांनी त्याचं एक लवकर पाडलं, मग त्याच्याकडून येणारा मारा कमी झाला, मग तुझी आणखी जास्त टिकली, असं ते वाढतच जातं.

आता तुझी केस. त्याचीही 10 आहेत, पण तो पाच पाच करून आला. पहिल्या पाचांशी लढलास, 100 वजा 25, 75. राहिलेल्यांशी लढलास, 75 वजा पुन्हा 25, उरले 50, वर्गमूळ सातच्या आसपास. आलं का ध्यानात? तुझी ती सात-सात जहाजं इथून येतात. तीच 10 एकदम आली असती तर दोघंही साफ.

आणि एआय नेमकं हेच करतो, तुकड्या तुकड्यानं येतो. त्याची जहाजं वेगवेगळ्या शिपयार्डमध्ये तयार होतात आणि तयार झालं की ते निघालं फ्लीटच्या मागं, वाटेत काय आहे कोण बघतो. शिवाय त्याची कुठंही चौकी पडली की एक तुकडी तिकडं पळते. तू मात्र असं कर की नवी जहाजं सीमेच्या एक तारा मागं जमव, सगळी आली की एक फ्लीट कर आणि मगच पुढं. त्याची फ्लीट दोन ताऱ्यांत विभागलेली दिसली की तो क्षण सोडायचा नाही, रिसर्च काय चाललाय, ग्रहावर कोण बोंबलतंय, ते सगळं नंतर. आणि तूच पाचांनिशी सापडलास तर मान खाली घालून मागं ये, पाच जहाजं वाचवली तर पुढच्या लढाईत ती वर्गानं परत मिळतात.

हे गणित शंभर टक्के लागू पडत नाही हेही सांगतो. स्टेलारिसमध्ये छोटी कॉर्व्हेट चुकवण्यात पटाईत असते आणि मोठ्या तोफेचा नेम तिच्यावर बसत नाही, काही शस्त्रांचा पल्ला लांब असतो, त्यामुळं सगळेच सगळ्यांवर सारखा मारा करत नाहीत. पण जमवून लढ आणि विखुरलेला पकड, एवढं मात्र कुठल्याही गेममध्ये चालतं.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. काय खेळू? आणि मला असा एआय स्वतः लिहायचाय, सुरुवात कुठून करू?
*कॉलेज विद्यार्थी, कराड*

दोन्हीला एकच उत्तर, फ्रीओरायन, असलाच अंतराळातला स्ट्रॅटेजी गेम. फुकट, कायदेशीर, ओपन सोर्स म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला, आणि त्यातला एआय पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलाय, फाइल उघडून वाचता येते. पहिल्यांदा वाचूनच घे, कुठला ग्रह आधी घ्यायचा याला तो मार्क कसे देतो ते बघ, मग एखादा आकडा बदल आणि तुझा एआय विरुद्ध मूळ एआय असं लढव. कॉलेजच्या प्रोजेक्टलाही चालेल. स्टेलारिस खेळायचाच असेल तर गॅलेक्सी सगळ्यात लहान ठेव, शेवटी शेवटी तो अडकतो ते प्रोसेसरमुळं.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतो, गनिमी कावा वापरला की कुठलाही एआय गुडघे टेकतो. खरंय का? आम्ही सातारकर, त्यामुळं वाद जोरात आहे.
*वाचक, सातारा*

वाद जोरात असणारच, तुमच्याकडं चहाची साखर किती यावरही असतो. पण तुमचा मित्र पूर्ण चूक नाही.

आधी एक, नुसतं पळापळ करून टपल्या मारणं म्हणजे गनिमी कावा नव्हे. 1659 ला अफजलखान वाईत तळ देऊन होता, मोठी फौज, तोफा, हत्ती. त्याला प्रतापगडाखाली जावळीच्या खोऱ्यात आणलं, जिथं जंगल आणि अरुंद वाटांमुळं त्या फौजेचा मोठेपणा काही कामाचाच राहिला नाही. जागा आपण निवडली, समोरच्याला तिथं यायला लावलं. गेममध्ये याचं भाषांतर करायचं तर एआयच्या फ्लीटला तुझ्या स्टारबेसच्या माऱ्यात यायला लाव, किंवा मुख्य आघाडीपासून लांब ओढ.

आणि लांब ओढला जातो तो, भले भले एआय जातात. जानेवारी 2019 मध्ये गुगलच्या डीपमाइंडनं स्टारक्राफ्ट 2 हा लढाईचा गेम खेळणारा अल्फास्टार नावाचा एआय आणला. टीएलओ आणि मॅना या दोन व्यावसायिक खेळाडूंशी त्यानं पाच पाच सामने खेळून दहाच्या दहा जिंकले. त्याला तेव्हा नकाशाचा त्याला दिसू शकणारा सगळा भाग एकदम बघता यायचा, माणसासारखा कॅमेरा इकडं तिकडं फिरवावा लागायचा नाही, आणि ऐन लढाईत त्याचे क्लिक माणसाच्या हाताबाहेरच्या वेगानं पडायचे, त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली. मग मॅनाशी एक सामना लाइव्ह झाला, त्यात अल्फास्टारलाही कॅमेरा फिरवायला लावला. मॅनानं काय केलं तर वॉर्प प्रिझम नावाचं वाहतुकीचं विमान, त्यात दोन इमॉर्टल, म्हणजे जमिनीवरची दणकट लढाऊ यंत्रं, ते अल्फास्टारच्या तळाच्या मागं नेऊन उतरवले. अल्फास्टारची सगळी फौज पुढं निघाली होती ती मागं वळली. फौज आली की मॅनानं इमॉर्टल उचलून विमानात. फौज परत निघाली की पुन्हा खाली. असं चालूच. ते एक विमान पाडायला हवेत उडणारं एखादं युनिट बनवलं असतं तरी भागलं असतं, दहावीतल्या पोराला सुचलं असतं, त्याला सुचलं नाही. तेवढ्या वेळात मॅनानं आपली फौज उभी केली आणि सामना जिंकला.

पण एवढ्यावर ग्रुपमध्ये विजय जाहीर करू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरला सुधारलेला अल्फास्टार, कॅमेऱ्याची आणि क्लिकची बंधनं घालूनसुद्धा, ग्रँडमास्टरला पोचला, म्हणजे रँकमधल्या 99.8 टक्के खेळाडूंच्या वर. तुमच्या घरच्या गेममध्ये मात्र तो नसतो, तिथं नियम लिहून दिलेला साधा एआय असतो, त्यामुळं ओढाओढी अजून चालते.

काय चालत नाही तेही ऐका. खानाच्या फौजेत घबराट पसरली, एआयच्या फौजेत पसरत नाही. त्याला भीती नाही, कंटाळा नाही, बदनामी नाही. रात्री छापा टाकून त्याची झोप उडवता येत नाही. स्टेलारिसमध्ये वॉर एक्झॉशन म्हणून एक मीटर आहे, जहाजं आणि ग्रह गमावले की तो चढतो आणि भरला की तह गळ्यात मारता येतो, तिथं लहान लहान लचके तोडण्याचा उपयोग होतो. ज्या गेममध्ये असा काही मीटरच नाही तिथं नुसत्या टपल्यांनी काही होत नाही, ग्रह घ्यावेच लागतात.

प्रश्न: मी जुना माणूस, मास्टर ऑफ ओरायन अजून खेळतो, पहिला भाग. सगळ्यात मोठं साम्राज्य माझं, तरी कौन्सिलच्या मतदानात दुसराच निवडून येतो. असं कसं?
*निवृत्त शिक्षक, तासगाव*

सर, नमस्कार. 1993 चा गेम अजून खेळताय, आनंद झाला. याच गेमची ओळख करून देताना ॲलन एमरिच या समीक्षकानं 4एक्स (एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्स्टर्मिनेट, म्हणजे धुंडाळा, पसरा, वापरा, संपवा) हा शब्द काढला, आज या सगळ्या प्रकाराला तेच नाव आहे.

तुमच्या कौन्सिलचं म्हणाल तर तुम्ही सांगली जिल्ह्यातले, तुम्हाला साखर कारखान्याची निवडणूक समजावून सांगायची गरज नाही. सगळ्यात जास्त ऊस कुणाचा याला महत्त्व नाही, पॅनेल कुणाचं बसतं याला आहे. उमेदवार दोनच, सगळ्यात मोठी दोन साम्राज्यं. मतं लोकसंख्येवर. जिंकायला दोन तृतीयांश. तुम्ही मोठे झालात म्हणजे सीमा सगळ्यांना भिडल्या, सगळ्यांशी कुरबुर, मग बाकीचे सगळे मिळून दुसऱ्याला मत देणार.

दोन गोष्टी करा. एक, लोकसंख्या एकूण मतांच्या एक तृतीयांशाच्या वर ठेवा, मग तुमच्याशिवाय दोन तृतीयांश होतच नाहीत, कुणी निवडूनच येत नाही. हा तुमचा नकाराधिकार. दोन, मतदानाच्या आधी लहान लहान साम्राज्यांना काहीतरी द्या, एखादं तंत्रज्ञान, व्यापाराचा करार, आणि ज्याला द्यायचं त्याचा स्वभाव आधी बघा. त्या गेममध्ये प्रत्येक राजाला स्वभाव दिलेला आहे. ऑनरेबल (शब्दाचा पक्का) असेल तर केलेलं लक्षात ठेवतो, त्याच्यावर खर्च करा. झेनोफोबिकवर, म्हणजे परक्यांचा तिटकारा असलेल्यावर, वेळ घालवू नका. आणि इरॅटिक (लहरी) असेल तर सकाळी तह, संध्याकाळी युद्ध, त्याला काही देऊच नका. मला विचाराल तर आजच्या कितीतरी चकचकीत गेममधल्या एआयपेक्षा हे सहा स्वभाव जास्त जिवंत वाटतात, कारण ते सरळ सांगून टाकतात की आम्ही असे आहोत.

प्रश्न: असा एखादा गेम आहे का जिथं एआय खरोखर हुशार आहे, बोनसवर जगत नाही?
*सांगली आणि वाईचे मिळून बरेच जण*

एआय वॉर. आर्सेन गेम्सचा, 2009 चा, दुसरा भाग 2019 ला आला. त्यांनी डोकं वेगळंच चालवलं. एआय माणसासारखा खेळल्याचं नाटकच करत नाही, सुरुवातीलाच जवळजवळ अख्खी गॅलेक्सी त्याची असते. तो युद्ध जिंकून दुसऱ्याच कामात गुंतलाय आणि तुम्ही म्हणजे कोपऱ्यात उरलेली किरकोळ कटकट. तुम्ही एकेक ग्रह घेत गेलात की एआय प्रोग्रेस नावाचा आकडा चढतो आणि तो चढला की त्याचं तुमच्याकडं लक्ष जायला लागतं. म्हणजे दिसेल तो ग्रह घ्यायची आपली सवयच तिथं अंगाशी येते. कुठला घ्यायचा, कुठला नुसता ओलांडून जायचा, यावरच सगळा खेळ. को-ऑपमध्ये, म्हणजे एकाच बाजूनं मिळून, मित्रांबरोबर खेळा, एकट्यानं खेळला तर डोकं दुखतं.

आणि हुशार म्हणाल तर एक जुना किस्सा, हा व्हिडिओ गेमचा नाही, टेबलावर कागद-फाशांनी खेळायच्या गेमचा आहे, पण आरमारं अंतराळातलीच. ट्रॅव्हलर नावाच्या गेमची अमेरिकेत 1981 ला स्पर्धा होती, प्रत्येकानं एक लाख कोटी क्रेडिटच्या बजेटमध्ये फ्लीट बनवून आणायची. डग्लस लेनाट या संशोधकानं ते नियम आपल्या युरिस्को नावाच्या प्रोग्रामला दिले. बाकीचे लोक देखणी, मोठी, वेगवान जहाजं घेऊन आले, आणि युरिस्कोची फ्लीट म्हणजे ढिगानं छोटी, जाड चिलखताची, जेमतेम हलणारी जहाजं. लोक हसले म्हणे. आणि हरले. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले, फ्लीटच्या चपळाईला महत्त्व दिलं. तर युरिस्कोनं शोधून काढलं की आपलंच जखमी जहाज आपणच उडवून टाकलं की उरलेल्या फ्लीटची चपळाई टिकते. पुन्हा जिंकला. मग आयोजक म्हणाले आता परत आलात तर स्पर्धाच बंद करू, आणि लेनाट थांबले. माणसाला स्वतःचं जहाज उडवायची कल्पना सुचली तरी हात धजावत नाही, त्या प्रोग्रामला ते नुसतं एक वजाबाकीचं गणित होतं.

प्रश्न: मुलाला वाढदिवसाला स्टेलारिस घेऊन दिला. आता म्हणतो डीएलसी पाहिजे, मग अजून एक डीएलसी. हे पैसे किती वेळा द्यायचे? शिवाय खेळताना कॉम्प्युटरला शिव्या देतो.
*एक आई, कोरेगाव*

ताई, डीएलसी म्हणजे गेमचे जोडभाग, वेगळे विकतात, आणि या गेमचे बरेच आहेत. एकही न घेता मूळ गेम पूर्ण खेळता येतो, आधी त्याला एक डाव शेवटपर्यंत नेऊन दाखव म्हणा, खेळणाऱ्यांतले कितीतरी जण तिथपर्यंत पोचतच नाहीत. मग घ्यायचाच तर स्टीमचा, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, सेल लागेल तेव्हा घ्या, भाव बराच उतरतो. अजून एक, दुकानदार सांगत नाहीत म्हणून मीच सांगतो, मित्र मिळून ऑनलाइन खेळत असतील तर जो डाव सुरू करतो त्याच्याकडचे डीएलसी त्या डावात सगळ्यांना वापरता येतात, तेव्हा चार पोरांत एकानं घेतले तरी भागतं, चार घरांनी वर्गणी काढा. तुमचं कार्ड मात्र त्याच्या अकाउंटला सेव्ह करून ठेवू नका, दर वेळी ओटीपी तुमच्याकडंच येऊ दे.

शिव्यांचं काय, कुठल्या लेव्हलला खेळतोय ते विचारा. ग्रँड ॲडमिरल म्हणाला तर वरचं पहिलं उत्तर वाचायला द्या.